माटोळीपुरतं रान

"म्हाका माटोळेचीं झाडां जाय. पूण ल्हान. म्हज्या परसांत मावतलीं अशीं."

डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात, माझ्या रोपांच्या पिशव्यांसमोर उभं राहून वृंदानं हे मागितलं, तेव्हा मी तोंडाला पदर लावून हसले. मोगरा मागणारे येतात, गुलाब मागणारे तर रोजच येतात. पिशवीत घालून डोंगर मागणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघत होते.

जे गोव्याचे नाहीत त्यांना माटोळी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. चतुर्थीला आमच्याकडे गणपतीच्या वर, छताखाली, लाकडी चौकट टांगतात आणि तिला फळं, फुलं, शेंगा, वेली बांधतात. ती माटोळी. नारळ, सुपारीची शिपटी, चिबूड, तोरिंगण या त्यातल्या घरच्या वस्तू. पण खरी शोभा रानातल्या वस्तूंची. लिंबाएवढं लालभडक कवंडळ, हलवल्या की खुळखुळणाऱ्या घागऱ्या, नारिंगी फुलामागे पांढरं पान मिरवणारी शेरवड, माट्टीची फळं. मखर आणि रोषणाई मागाहून आली. माटोळी नसेल तर आमच्या माणसाला गणपती उघड्यावर बसवल्यासारखा वाटतो.

वृंदाच्या घरी हे सगळं आणायचे तिचे सासरे. त्यांना सगळे आपा म्हणत. चतुर्थीच्या आधी आपा दिवसचे दिवस डोंगरात असायचे, आणि घरचीच काय, अर्ध्या वाड्याची माटोळी त्यांच्या खांद्यावरून खाली यायची. पुढे त्या डोंगराची एक बाजू खाणीत गेली. मग आपा कुळागराच्या, म्हणजे माड-सुपारीच्या बागेच्या, पायरीवर घसरले आणि पाय मोडला. मुलाला पणजीत सरकारी नोकरी, राहायला डिचोलीच्या वसाहतीत दोन खोल्या. त्यानं वडिलांना तिथं आणलं. त्या वर्षी त्यानं बाजारातून तयार जुडी आणून माटोळी बांधली, आणि आपा व्हरांड्यातल्या कदेलावर, म्हणजे त्यांच्या त्या वेताच्या खुर्चीवर, देवाकडे पाठ करून बसले. आरतीही तिथूनच म्हटली. तेव्हापासून ते कदेल सोडेनात. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. डॉक्टर म्हणाले, पाय सांधला आहे, चालायला हरकत नाही.

"पांय बरो आसा गे मावशे," वृंदा म्हणाली, "पूण उठपाक कारण ना. चवथीक आपान उठून माटोळी बांदूंक जाय. म्हाका आनीक कांय नाका."

मी पदर खाली घेतला आणि तिला बसायला पाट दिला.

मी मूळची दोडामार्गाच्या पलीकडची. आमचे हे खाणीवर ट्रक चालवायचे म्हणून आम्ही डिचोलीला बिऱ्हाड केलं, आणि मागच्या मोकळ्या जागेत मी आबोलीची रोपं करता करता नर्सरीवाली झाले. गोवा राज्य झालं त्याच्या पुढची ती वर्षं. भाषेचा वाद अजून निवला नव्हता, हॉटेलात भजी खाता खाता मराठी की कोंकणी यावरून भाऊ भावाशी बोलेनासे होत. माझ्याकडेही एक गृहस्थ आले आणि रोपांच्या पाट्या कुठल्या भाषेत लावणार म्हणून जाब विचारू लागले. मी म्हटलं, पाटीवर 'आबोली' एवढंच लिहिते, आता सांगा ही कुठली भाषा. त्यांनी बराच वेळ पाटीकडे पाहिलं आणि आबोलीची रोपं घेऊन गेले.

लोकांना वाटतं नर्सरीवालीचं काम रोप वाढवायचं. रोप वाढवायला पाऊस समर्थ आहे. माझं खरं काम नको म्हणायचं. राज्य झालं, कार्यालयं वाढली, वाड्यावरची माणसं वसाहतींत राहायला आली. परस म्हणजे मागच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत साडी वाळत घालता येईल एवढी जागा. पण सवय कुळागराची. राहायला आल्या आल्या त्या जागेत माणूस एक माड, एक आंबा आणि एक पणस लावून मोकळा. मग काही वर्षांनी झावळ्या शेजाऱ्याच्या कौलांवर आणि पणसाची मुळं संडासाच्या टाकीत. आणि दोन्ही शेजारी माझ्याकडे येऊन विचारणार की झाड मारायचं औषध आहे का. झाड घेताना लोक त्याचं आजचं तोंड बघतात. मी त्याचं म्हातारपण बघते. माझ्याकडून कितीतरी लोक माड न घेता परत गेलेत आणि वर माझ्याच नावानं बोटं मोडत गेलेत.

गिऱ्हाइकाला माझे प्रश्न ठरलेले. ऊन कुठून येतं आणि कधी जातं? सांडपाण्याची मोरी कुठे? आणि पडलेली पानं कोण झाडणार? तिसऱ्या प्रश्नाला नवरा-बायको एकमेकांकडे बघू लागले की मी ओळखायचे, इथं पानगळीचं झाड द्यायचं नाही. बुटकं झाड म्हणजे खुजं झाड नव्हे, हे मला दर आठवड्याला कुणाला तरी समजावावं लागे. पाऊस सरल्यावर कोयतीनं खांद्यापर्यंत उतरवलं तरी जे रागावत नाही, भिंतीच्या पायाशी मूळ घालत नाही, ते घराजोगं झाड. आणि असली झाडं आपल्याच मातीत पुष्कळ आहेत. पिटकोळी, आबोली, शेरवड, अडुळसा, निगडी. पावसाळाभर पोटभर पितात आणि उरलेलं वर्ष चिऱ्याच्या खडकाळ जमिनीवर उपाशीतापाशी काढतात. त्यांचा दोष एकच. ती ओळखीची असतात, आणि ओळखीच्याला आपल्याकडे मान नाही.

मांद्र्याचे एक गेस्टहाउसवाले होते. त्यांनी बाहेरून मोठ्या थाटाचे शोभेचे ताड आणून दाराशी लावले होते. समुद्राचा खारा वारा लागला आणि ताड जळल्यासारखे तपकिरी झाले. माझ्याकडे आले ते औषध मागायला. मी गेले, वाळू पाहिली, वारा तोंडावर घेतला आणि सांगितलं, कडेनं निगडी लावा, ती वारा अंगावर घेईल, आणि तिच्या आडोशाला पिटकोळी. शेठ असे चमकले की मी जणू त्यांना भेंडीची भाजी वाढायला सांगितली. पिटकोळी त्यांच्या देवळाच्या मागे उगवते, पोरं तिची फळं खातात, ती बघायला गोरे विमानानं येतील काय, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, ते गोऱ्यांनाच ठरवू दे. पुढच्या हंगामात पिटकोळीला लाल झुबके आले आणि एक बाई सकाळभर तिच्यासमोर बसून चित्र काढत राहिली. आता शेठ येईल त्याला सांगतात की ही कल्पना त्यांना स्वतःला सुचली. मी शेजारी उभी असले तरी सांगतात, आणि मीही मान डोलावते. झाड जगलं ना, मग कल्पना कुणाची का असेना.

तर वृंदा. परस बघितल्याशिवाय मी रोप देत नाही, म्हणून तिच्याबरोबर वसाहतीत गेले. आपा व्हरांड्यात होते. उंच, वाळके, आणि हात असे की कदेलाचा दांडाही कोयतीसारखा धरलेला. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली, संपलं. मागचं परस त्यांच्या खोलीच्या जनेलातून, म्हणजे खिडकीतून, सगळं दिसत होतं. ते मला फार आवडलं. म्हटलं, बोलला नाही तरी म्हातारा बघेल तर खरा.

माटोळीच्या झाडांतली निम्मी मी तिथंच बाद केली. माट्टी म्हणजे रानातला राक्षस, चार माणसांच्या कवेत न येणारा. तिरफळाला अंगभर काटे आणि उंची माडाशी स्पर्धा करणारी. कळलावी दिसायला सुंदर, पण तिचा कंद विषारी, आणि वृंदाची पोर सगळं तोंडात घालायच्या वयाची. कोपऱ्यात सकाळचं ऊन येत होतं तिथं शेरवड धरली. मोरीच्या कडेला घागऱ्या पेरायच्या ठरल्या, त्या एका पावसाचंच आयुष्य घेऊन येतात, जागा अडवत नाहीत. भिंतीच्या सावलीत रानहळद. आणि भिंतीवर कवंडळ. कवंडळाचा वेल आडदांड, मोकळा सोडला तर घर गिळेल. पण दोन तारा ताणून दिल्या आणि दर वर्षी फळं सरल्यावर मुळाशी कापला तर कुंपणापुरता राहतो. फळ खायचं नसतं, पण ते भिंतीच्या माथ्यावर, पोरीच्या हाताबाहेर.

कवंडळाची मुळी मी डोंगरातून आणली, फळ धरलेल्या वेलाची. पुढे तो कडाही खाणीनं घेतला. तिथली आणखी कितीतरी झाडं मी नुसती बघून आले, मुळी घ्यायला पुन्हा येऊ म्हणाले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पहिल्या चतुर्थीला वेल अजून पोरवयाचा होता, पण शेरवड फुलली आणि घागऱ्यांना शेंगा आल्या. आदल्या दिवशी वृंदानं सगळं सुपात घालून आपांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी घागऱ्यांची एक जुडी उचलली, कानाशी हलवली, परत सुपात ठेवली आणि म्हणाले, "हें लायिल्लें. माटोळेक मेळिल्लें जाय."

लावलेलं नको, सापडलेलं हवं. नारळ, चिबूड घरचे चालतात, पण रानातली वस्तू रानातच सापडायला हवी, असा त्यांचा कायदा. मुलानं कंटाळून पुन्हा बाजारची जुडी आणली आणि आपा पुन्हा पाठ करून बसले. पुढच्या बुधवारी वृंदानं हे सांगितलं तेव्हा माझं डोकं फिरलं. भर बाजारात चार बायकांसमोर मी म्हटलं, "अगो, तुझो सासरो म्हणजे कातळ. त्याका माटोळी नको, रुसाक निमित्त होया." वृंदा माझ्यावर चिडली नाही, सासऱ्यावरही नाही. तिनं शांतपणे एवढंच सांगितलं की त्यांनी घागऱ्या हलवून बघितल्या. वर्षभरात त्यांनी आपणहून हातात धरलेली ती पहिली वस्तू. ते ऐकून मी भिंतीच्या तारा थोड्या आणखी लांबवायचं ठरवलं.

मधल्या काळात एक वेगळंच सुरू झालं. वसाहतीत एकीच्या दारात फूल दिसलं की दुसरीला झोप लागत नाही. वृंदाची शेरवड बघून बँकेतल्या कारकुनाची बायको आली, मग पोस्टमनची आई घागऱ्यांचं बी मागायला आली. कुणी पिटकोळी नेली, कुणी कुंपणाला कुडा लावला. सगळी माणसं आसपासच्या गावांतली, ही झाडं त्यांनी लहानपणी बघितलेली, पण विकत आणून दारात लावायची असतात हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. मी म्हटलं तर खुशीत होते. गल्लीत शिरलं की डोंगराच्या पायथ्याशी आल्यासारखं वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या पावसात कवंडळानं भिंत व्यापली. संध्याकाळी त्याची पांढरी, झालरीची फुलं उघडायची आणि सकाळी गळून पडायची. फळाचा पत्ता नाही. कवंडळात नर वेल निराळा आणि मादी निराळी. आमची मादी. जवळपासच्या रानात नर असेल, पाखरं आपलं काम करतील, असा माझा हिशेब होता, पण वसाहतीच्या आसपास नर नव्हताच. चतुर्थी जवळ येत चाललेली. वृंदा रोज सकाळी गळलेली फुलं उचलायची आणि माझ्याकडे बघायची, ते मला बघवेना.

शेवटी मी आमच्या ह्यांना कामाला लावलं. त्यांच्या ट्रकच्या वाटेवर एका वळणाला नर वेल होता. त्यांना मी नराची कळी ओळखायला शिकवली, म्हणजे दोनदा ओरडले. दुपारच्या फेरीला त्यांनी ट्रक बाजूला घेतला, आणि जेवणाच्या डब्यात भाताच्या जागी ओल्या फडक्यात कळ्या ठेवून घरी आणल्या. मागे अडकलेल्या ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवले, आणि पुढे कित्येक दिवस ते ह्यांना फुलराणी म्हणून चिडवत होते. तो डबा घेऊन मी दिवेलागणीला वृंदाकडे गेले. एकेक नराचं फूल घ्यायचं आणि मादीच्या फुलाच्या मध्याला हलकेच टेकवायचं, एवढंच काम. मी हात उचलला तोच जनेलातून आवाज आला.

"फूल अजून उगतें जावंक ना. रावगो."

उमललं नाही, थांब. डोळ्याच्या कडेनं बघितलं तर आपा जनेलाशी उभे होते. उभे! वृंदानं माझा हात दाबला. आम्ही दोघींनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, मांजर ताटाशी आलं की माणूस जसा हलत नाही तशा थांबलो. काळोख दाटत आला तशी झालर सुटली. "आतां," जनेलातून आवाज आला. आम्ही फुलाला फूल लावत गेलो. ते सलग काही दिवस चाललं. जनेलातून "आतां" ऐकू आल्याशिवाय आम्ही हात लावत नव्हतो.

फळं धरली. आधी हिरवी, पट्ट्यांची, मग पिवळसर, मग चतुर्थी तोंडावर आली तशी एकेक लाल होत चाललेली. आपा जनेलातून बघत बसायचे, पण वृंदानं विचारलं की म्हणायचे, पाऊस बघतोय. माटोळीचा विषय ती काढायची नाही. मीच तिला बजावलं होतं. हट्टी माणसाला विचारलं की तो नाही म्हणतो, आणि एकदा नाही म्हटलं की ते त्याला पाळावं लागतं.

चतुर्थीच्या आदल्या सकाळी वृंदा नर्सरीत आली ती रिकामी बाल्दी घेऊन. फळं काढायला म्हणून ती परसात गेली, तर भिंतीवर एकही कवंडळ नव्हतं. शेरवडीच्या फुलांच्या फांद्या मोडून नेलेल्या, घागऱ्यांच्या ताटांना शेंग उरलेली नाही. हे सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की मला अर्धंच ऐकू आलं. मी चपला घातल्या आणि निघाले. वसाहतीत शिरतानाच गल्लीच्या तोंडाशी उभं राहून कुणाकुणाचा उद्धार करायचा ते मी वाटेत मनात लावून ठेवलं होतं.

पण वाटेतच मला उमगलं, आणि राग कुठल्या कुठे गेला. भिंतीवर गुलाब असता तर त्याला कुणी बोट लावलं नसतं. गुलाब लावलेला असतो, तो तोडला तर चोरी. पण माटोळीचं रान कुणाच्या मालकीचं नसतं, पहाटे जो आधी पोचेल त्याचं. वसाहतीतली माणसं त्या पहाटे उठली, लहानपणापासूनच्या सवयीनं बाहेर पडली, आणि भिंतीवर लाल कवंडळ दिसल्याबरोबर त्यांचे हात वर गेले. हे आपल्या शेजाऱ्याचं परस आहे हे त्यांच्या ध्यानातही आलं नसणार. असली चूक आमच्याकडचाच माणूस करू जाणे.

आपा मागच्या दारात उभे होते, काठीवर भार टाकून, मोकळ्या वेलाकडे बघत.

"कोणें व्हेलीं?" त्यांनी विचारलं.

वृंदानं सांगितलं की माहीत नाही, पहाटे कुणीतरी येऊन गेलं असावं.

"विचारून?"

"ना, आपा."

मी मधे पडून काहीतरी बोलू लागले, तर त्यांनी हात वर केला. भिंतीकडे बघता बघता त्यांच्या तोंडावर हसू यायला लागलं, आधी डोळ्यांत, मग खाली. आपांना दात किती कमी आहेत ते मला त्या दिवशी कळलं.

"लायिल्लें दिसलें जाल्यार कोणेंय विचारिल्लें आसतें," ते म्हणाले. "विचारूंक ना. म्हणजे तांकां तें रान दिसलें." लावलेलं वाटलं असतं तर कुणी विचारलं असतं, म्हणजे ते त्यांना रानच वाटलं. मग वृंदाकडे वळून, "म्हजी कोयती खंय आसा?"

कोयती सापडेपर्यंत वृंदानं सगळं घर उलथंपालथं केलं. मग आपा पुढे, हातात काठी आणि कमरेला कोयती, मागे टोपली घेऊन वृंदा, आणि तिच्यामागे मी, अशी आमची वरात गल्लीत निघाली. बँकवाल्यांच्या फाटकाशी आपांनी शेरवडीची फांदी काठीनं ओढली आणि दोन झुबके कापले. घरातल्या वहिनींनी दार उघडलं, आपांना पाहिलं आणि हळूच पुन्हा लावून घेतलं. दाराच्या फटीतून मला त्यांच्या ओटीवरची परात दिसली, आणि परातीत आमची कवंडळं. मी हसू दाबायला पदर पुन्हा तोंडाशी नेला. पोस्टमनच्या कुंपणाशी घागऱ्या अजून शिल्लक होत्या. आपांनी प्रत्येक ताटाची एक-एकच शेंगांची जुडी घेतली. वृंदा आणखी तोडायला गेली तर म्हणाले की मागून येणाऱ्याला ठेव. कुणालाही काही विचारलं नाही. ज्यांची झाडं होती ते जनेलांतून बघत होते आणि कुणी बाहेर आलं नाही.

कवंडळ मात्र कुठंच नव्हतं. गल्ली संपली, आम्ही परत आलो. वृंदा म्हणाली की कवंडळाशिवायही चालेल. आपा परसात न जाता भिंतीच्या पलीकडच्या बाजूला गेले, जिथं वसाहतीचं गटार आहे आणि कुणी फिरकत नाही. वेलाच्या काही फांद्या भिंत ओलांडून तिकडे उतरल्या होत्या. मी दोन वर्षं तो वेल सांभाळला, पण तिकडे डोकावले नव्हते. आपा दुखरा पाय लांब करून ओल्या जमिनीवर बसले, काठीनं पानं बाजूला केली, आणि खाली सावलीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दोन कवंडळं होती. पिकून लाल झालेली.

आम्ही टेकवलेल्या नर फुलांवरचा पराग एखाद्या पाखरानं पलीकडे नेला असणार. आपा फळं तोडून हातात धरून बसले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी आयुष्यात विकलेली सगळी झाडं त्या एका चेहऱ्यासाठी विकली असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं. वृंदा तिथंच गटाराच्या काठावर बसून रडली. आपा तिला म्हणाले की रडत काय बसलीस, मला उठवा, माटोळी कोण बांधणार.

दुपारी मुलगा पणजीहून आला तो बाजारची जुडी घेऊनच. घरात शिरला तर चौकट खाली जमिनीवर उतरवलेली आणि वडील तिच्याशी मांडी मोडून बसलेले, केळीच्या सोपटाच्या दोऱ्यांनी गाठी मारत. त्यानं जुडी मुकाट्यानं बाहेर ठेवली आणि विचारलं की चौकट वर कधी ओढायची. आपा म्हणाले, मी सांगेन तेव्हा. कवंडळं मधोमध, गणपतीच्या डोक्याच्या जरा पुढे. एक गाठ त्यांना पसंत पडेना म्हणून ती त्यांनी किती वेळा सोडली आणि बांधली देव जाणे.

चतुर्थीला मी आणि आमचे हे दर्शनाला गेलो. कदेल व्हरांड्यात रिकामं होतं. आपा आत, माटोळीखाली, देवाकडे तोंड करून बसले होते आणि येईल त्याला कुठली वस्तू कुठे सापडली ते सांगत होते. कवंडळांजवळ आले की आवाज जरा चढायचा. बँकवाल्या वहिनी आरतीला आल्या होत्या, त्या सगळा वेळ वर बघायचं टाळत होत्या. त्यांच्या हातावर आपांनी स्वतः नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, ठेवल्या, दोन जास्त.

निघताना त्यांनी मला हाक मारली. ह्यांनाही जवळ बोलावलं, डब्यातून कळ्या आणल्याबद्दल पाठ थोपटली. मग मला म्हणाले, "फुडले चवथीक आनीक कितें तरी लाय."

मी विचारलं, "काय लावू, आपानु?"

"तुका कितें जाय तें लाय," ते म्हणाले. "पूण खंय लायलां तें म्हाका सांगूं नाका."

कुठे लावलं ते सांगणार नाही, असं मी कबूल केलं. वसाहतीच्या फाटकातून बाहेर पडताना ह्यांनी मला दोनदा हाक मारली म्हणे, पण मी पाण्याच्या टाकीमागचा उतार बघत उभी होते, तिथं ऊन कधी येतं ते.